मिलमध्ये माग चालवणाऱ्या आजोबांच्या बाडात सांख्य कुठून आलं?

मंगळवारपेठी

जुनं घर उतरवायला काढलंय. माळा रिकामा करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली. वर घोंगडं, खाली तालमीतला लंगोट (त्याचं आता पायपुसणंही होणार नाही) आणि तळाला खारव्याच्या फडक्यात गुंडाळलेलं एक बाड. आडवं, दोऱ्यानं शिवलेलं, दीडएकशे पानांचं.

आजोबा म्हणजे वडिलांचे वडील. जन्म १९०९ च्या आसपासचा, करवीर तालुक्यातल्या खेड्यात. शाळा चौथी. सोळा-सतराव्या वर्षी शाहू मिलमध्ये लागले, ते शेवटपर्यंत साचेखात्यात. मला आठवतात ते कट्ट्यावर तंबाखू मळत बसलेले, मागांच्या खडखडाटानं कान गेलेले. आपण ओरडून विचारायचं, त्यांनी मान हलवायची. बोलणं एवढंच. आषाढीला नंदवाळच्या विठोबाला चालत जायचे. त्यापलीकडे देवधर्माचं काही केलेलं मी बघितलं नाही.

बाड उघडलं आणि बसलोच. सुरुवातीची पानं बाळबोध लिपीत, बोरूनं लिहिलेली. संस्कृत श्लोक आणि प्रत्येकाखाली मराठी अर्थ. अर्थ कुठल्या छापील पुस्तकातून उतरवलेला वाटत नाही, कारण भाषा घरातली आहे. मग मोरोपंतांच्या आर्या, काही चिजा, वर 'भूप', 'मालकंस' अशी नावं. एका पानावर झाडासारखी आकृती आहे. बुंध्याशी दोन नावं, पुरुष आणि प्रकृती. प्रकृतीतून फांदी महत् म्हणजे बुद्धीची, तिच्यातून अहंकार, मग मन, पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच तन्मात्रं, पाच महाभूतं. मी मोजली, सांख्य दर्शनातली तत्त्वं, बरोबर २५. आणि त्या झाडाच्या कडेला बारीक अक्षरात:

'पुरुष काही करत नाही म्हणता, मग भोगतो कोण? हे पटत नाही. विचारणे.'

कुणाला विचारणे? मिलमधल्या कुणाला? शेवटची आठ-दहा पानं मोडीत आहेत, ती मला लागत नाहीत.

आमच्या घरात हा माणूस 'चौथी शिकलेला' म्हणूनच ओळखला गेला. मी एमकॉम झालो तेव्हा त्यांनी पेढा घेतला आणि मान हलवली. तुमच्याकडं असं कुणी होतं का?

तांबडा_पांढरा

भावा, आधी त्या झाडाचा फोटो टाक. आणि बाड उन्हात वाळवत ठेवू नकोस, पानं कुरकुरीत होऊन मोडतात. फडक्यात कडुनिंबाचा पाला घाल.

खिळेजुळारी

आमचे आजोबा लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. मराठी पाचवी. पंचांगं, लग्नपत्रिका, स्तोत्रांच्या चोपड्या हे काम जास्त. देवनागरीच्या केसमध्ये जोडाक्षरांचे किती खण असतात हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. 'द्ध' वेगळा, 'द्व' वेगळा, 'द्म' वेगळा, आणि सगळे उलटे वाचायचे. बोटांना खण पाठ. स्तोत्र जुळवताना त्यांचा हात मधेच थांबायचा. मूळ प्रतीत चूक आहे म्हणायचे. का, ते सांगता यायचं नाही. 'इथं विसर्ग असल्याशिवाय चाल बसत नाही' एवढंच. मग शास्त्रीबुवा प्रूफ वाचायला आले की तिथं विसर्ग घालून जायचे.

मुंबईत निर्णयसागर छापखाना १८६९ साली काढणारे जावजी दादाजी हेही लहानपणी छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागलेले. त्यांच्या छापखान्यातल्या संस्कृत ग्रंथांवर पुढं पंडित डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

शंकेखोर

आजोबा सगळ्यांचेच थोर असतात, विशेषतः गेल्यावर.

रागवू नका, पण दोन गोष्टी. एक, ज्या आजोबांचं बाड माळ्यावर सापडलं त्यांचाच धागा निघतो. ज्यांच्या ट्रंकेत फक्त लंगोट सापडला त्यांचा निघत नाही. पगाराच्या दिवशी गुत्त्यावर बसणारेही याच पिढीचे. दुसरं, पाठांतर म्हणजे विद्वत्ता नव्हे. माझी आजी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय रोज घडाघडा म्हणायची. एकदा एका शब्दाचा अर्थ विचारला तर म्हणाली, 'मेल्या, अर्थ देवाला कळतो.' खिळेजुळारींच्या आजोबांचं कौतुकच आहे, पण ते हाताचं ज्ञान. गवंड्याला ओळंबा कळतो म्हणून तो भूमिती शिकलाय असं आपण म्हणत नाही.

कोल्हापूरकरांनी स्वतःची लाल करायला रंकाळा, कुस्ती आणि रस्सा पुरेसा आहे की. त्यात आता सांख्यपण?

तांबडा_पांढरा

रस्सा दोन प्रकारचा असतोय. मोजून बोला.

डफ_तुणतुणं

शंकेखोर, पाठांतराचं तुमचं म्हणणं अकराव्या अध्यायापुरतं खरं हाय. भेदिकाला ते लागू होत नाही. जरा सविस्तर लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या शाहिरीचा फड होता, वडलांपर्यंत.

भेदिक म्हणजे भेद सोडवायचा. दोन फड समोरासमोर, एक तुऱ्याचा, एक कलगीचा. तुरेवाला म्हणणार पुरुष थोर, म्हणजे शिव. कलगीवाला म्हणणार प्रकृती थोर, म्हणजे शक्ती. पेठकर, तुमच्या आजोबांच्या झाडाच्या बुंध्याशी जी दोन नावं हायत ना, त्यांचंच हे भांडण. गावच्या जत्रेत रात्री दहाला डफावर थाप पडली की पहाटेपर्यंत. एकानं कवनात सवाल घालायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत, त्याच वजनात जवाब द्यायचा. जवाब दिला न्हाई तर गावापुढं डफ खाली ठेवायचा. खेड्यात याच्याएवढी नाचक्की दुसरी न्हाई. आमच्या चुलत्यांनी एकदा डफ ठेवला, तर त्या गावची सोयरीक दोन वर्षं लांबली.

सवाल कसले? पिंडात काय आणि ब्रह्मांडात काय. पृथ्वीचे पाच भाग देहात कुठले? (अस्थी, मांस, त्वचा, नाडी, रोम. हे मला सात वर्षांचा असताना येत होतं, नऊचा पाढा येत नव्हता.) बाप आधी का आई आधी? प्रकृती जड आहे तर हलते कशी, आणि पुरुषाला हलताच येत नाही तर थोर कशाचा? पाठ केलेल्या उत्तरावर एक रात्र निघते. दुसऱ्या रात्री समोरचा त्या उत्तरातनंच नवा सवाल काढतो, तेव्हा पाठांतर काय कामाचं?

आजोबांना अक्षर येत नव्हतं. अंगठाबहाद्दर. बाड होतं खरं, पण लिहायचा भाचा. ते परक्या माणसाला दाखवायचं न्हाई, तिजोरीसारखं. माल कुठनं यायचा? थोडा गुरूकडनं, थोडा मठातल्या गोसाव्याकडनं. आणि अडलं तर रात्री कुलकर्ण्याच्या वाड्यावर मागल्या दारानं. तो पोथी काढून सांगायचा, हे सकाळी पायलीभर भात नेऊन द्यायचे. दिवसा दोघंही ओळख दाखवायची न्हाईत.

पेठकर, ते 'विचारणे' बघून माझ्या अंगावर काटा आला. आमच्या बाडातसुद्धा कडेला असंच लिहिलेलं असायचं. तुमचे आजोबा भेदिकात बसणारे असणार, मिलमधली निम्मी माणसं खेड्यातनंच आलेली. फडात नाव नसलं तरी ऐकणारा माणूस घरी जाऊन सवाल सोडवत बसायचा, आज लोक कोडी सोडवतात तसा.

मंगळवारपेठी

डफ_तुणतुणं, धन्यवाद हा शब्द कमी पडतोय. थोरल्या आत्याला फोन केला, ती आता ८४ ची आहे. म्हणाली, 'दादा जत्रंत रात्रभर गायब असायचे, आई तमाशाला गेलासा म्हणून भांडायची.' म्हणजे साठ वर्षं आमच्या आजीनं त्यांना तमाशाच्या नावानं बोलून घेतलं आणि ते सांख्य ऐकायला जात होते. निदान असं मला वाटून घ्यायचंय.

ऊसवाला_शिरोळ

आमच्या बाजूचं जरा वेगळं आहे, म्हणून लिहितो. शिरोळ-हातकणंगल्याकडं जैन शेतकरी बरेच. दशलक्षण पर्वात दहा दिवस बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, तत्त्वार्थसूत्र वाचतात. अध्याय दहा, दिवस दहा, रोज एक. सूत्रं संस्कृत, ऐकणारे सगळे ऊसवाले आणि तंबाखूवाले. भक्तामर स्तोत्राचे ४८ श्लोक तर पोरासोरांना येतात.

माझे चुलत आजोबा गुळव्या होते. हंगामात गुऱ्हाळावर रात्रंदिवस मुक्काम. चुलवणात चिपाडं घालणारा एक, काहिलीपाशी हे. रसाला उकळी आली की मळी काढायची, भेंडीचं पाणी घालायचं, मग नुसती वाट बघायची. डोळा लागला तर काहील करपली, ढेप काळी. म्हणून भक्तामर म्हणत बसायचे. एक काहील उतरेपर्यंत आठ वेळा होतं असं सांगायचे. त्यांचा तो घड्याळाचा काटा. शंकेखोर म्हणतील, झालं की पाठांतर! मान्य. पण ते मधेच थांबून चुलवणावरच्या गड्याला समास फोडून दाखवायचे. तो गडी मुसलमान होता. त्याला निम्मं भक्तामर यायचं आणि आमच्या आजोबांना त्याच्याकडून ऐकलेल्या कव्वाल्या.

आणखी एक. आमच्या भागात मॅट्रिकला संस्कृतऐवजी अर्धमागधी घेणारी मुलं होती. शेतकऱ्याचं पोर खांद्यावर धोतर टाकून शाळेला येणार आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्राकृताचं व्याकरण घोकणार. हे वातावरण आपोआप झालं नाही. राजाराम कॉलेजात आ. ने. उपाध्ये १९३० पासून १९६२ पर्यंत अर्धमागधी शिकवत होते. ते मूळचे सदलग्याचे, आमच्या शिवेवरचेच म्हणा. मोठमोठे प्राकृत ग्रंथ संपादित केलेला माणूस. सुट्टीत खेड्यात भेटला तर पाऊसपाण्यावर बोलायचा असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात.

माणगावकर

धागा वाचतोय. सगळं गोड चाललंय. आता थोडं तिखट.

'कष्टकऱ्यांमधली विद्या' म्हणताना कष्टकरी कोण हे सांगा. मराठा आजोबा मागल्या दारानं का होईना, कुलकर्ण्याच्या वाड्यात जाऊ शकले. माझ्या पणजोबांना ते मागलं दारसुद्धा नव्हतं. ते पोथी ऐकायचे ती देवळाबाहेरच्या चिंचेखालून, वाऱ्याची दिशा बघून. हे मी अलंकारिक लिहीत नाही. वारा पडला की ऐकू यायचं नाही असं त्यांनीच माझ्या वडिलांना सांगितलेलं.

आणि याच कोल्हापुरात १८९९ ला पंचगंगेच्या घाटावर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. खुद्द छत्रपतींसाठी वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहित तयार नव्हता. गादीवरच्या राजाला पुराणोक्तावर भागवा म्हणाले, तिथं मिल कामगाराचं काय घेऊन बसलात? १९२० ला शाहू महाराजांनी शिवाजी वैदिक विद्यालय काढलं ते हौस म्हणून नव्हे. बाबासाहेबांना मुंबईच्या शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली.

म्हणून मला 'पूर्वी लोक किती ज्ञानी होते' हा सूर सोसत नाही. पूर्वी काही लोकांना ऐकू येत होतं आणि काहींना वाऱ्यावर अवलंबून राहावं लागत होतं.

मंगळवारपेठी

माणगावकर, काय लिहावं कळत नाही. मुद्दा मान्य. तो सूर माझ्याच पहिल्या पोस्टमध्ये आहे.

एक मात्र तुमच्यामुळं लक्षात आलं. आजोबा १९०९ चे. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा महाराजांचा हुकूम १९१७ चा. म्हणजे तेव्हा ते आठ वर्षांचे. पणजोबा अक्षरशत्रू, घरात आधी कुणी शाळेचं तोंड बघितलेलं नाही. ती चौथी त्या हुकमाची असणार. आजवर आम्ही 'चौथीच' म्हणत आलो.

माणगावकर

बरोबर. आणि अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवायचा हुकूम १९१९ चा. माझे आजोबा त्यातले. चिंचेखालच्या पणजोबांचा मुलगा. त्यांनी पुढं पोथी वाचली नाही. म्हणाले, 'बापाला ज्याच्यासाठी झाडाखाली बसवलं ते मी आत बसून ऐकणार नाही.' त्यांनी कबीर वाचला आणि कायदा वाचला. मग भजनात पंचीकरण गायचे, डफ_तुणतुणंनी लिहिलेलं तेच, अस्थी-मांस-त्वचा. आमच्या वस्तीतले भजनी त्याच पाच भागांवरून उलटा सवाल घालायचे: हाडं तुझी पृथ्वीची, माझीपण पृथ्वीची, मग शिवल्यावर बाटतं काय?

डफ_तुणतुणं

हा सवाल आमच्या फडावर एकदा आला होता. जवाब न्हवता.

शंकेखोर

डफ_तुणतुणं, माणगावकर, माझा पाठांतराचा मुद्दा मी अर्धा मागं घेतो. लंगोटाचा तसाच ठेवतो.

अनुष्टुभ

मी शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले. राजारामपुरीत राहते. पेठकरांच्या आजोबांची कडेची टीप वाचून रात्री पुस्तकं काढली.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सतराव्या कारिकेत पुरुष आहे हे सिद्ध करायला जी कारणं दिली आहेत त्यात एक आहे 'भोक्तृभावात्'. कुणीतरी भोगणारा असला पाहिजे, म्हणून पुरुष आहे. आणि दोनच कारिका पुढं, एकोणिसाव्यात, तोच पुरुष अकर्ता. करत काही नाही, भोगतो मात्र. आजोबांना नेमकं हेच खुपलंय. सांख्यावर वेदान्त्यांनी आक्षेप घेतले त्यात ही अडचण आहेच. एमएच्या वर्गात आम्हाला हे सरांनी सांगितलं तेव्हा कळलं. स्वतःहून एकालाही सुचलं नव्हतं, मलाही नाही.

त्यांनी कारिका वाचली असेल असं मात्र मला वाटत नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात हे दोन्ही सुटे सुटे येतं: सुखदुःखाच्या भोगाला पुरुष कारण, आणि आत्मा अकर्ता. नंदवाळला जाणारा माणूस, म्हणजे ज्ञानेश्वरीचा तेरावा कानावरून गेलेला. ओव्या ऐकता ऐकता यातला पीळ पकडायचा म्हणजे लक्ष किती असेल ते बघा.

माणगावकरांना एवढंच म्हणते: मी शिकवलेल्या संस्कृतच्या वर्गात तीस वर्षांत सगळ्या आळ्यांची मुलं होती, आणि निम्मी गुणांसाठी आली होती. कान देऊन ऐकणारी कमी. हे दोन्ही खरं आहे, एकानं दुसरं खोडलं जात नाही.

घोडागाडी

विषय गाण्याकडं वळवतो, कारण बाडात चिजा आहेत म्हणालात.

आमच्या पणज्यांचा टांगा होता. भवानी मंडपापाशी उभा असायचा. गवई अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते तो काळ. महाराज १९२२ ला गेले, पुढं खाँसाहेब मुंबईला गेले, पण त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ इथंच राहिले. अंबाबाईच्या देवळात त्यांची गायनसेवा असायची. तिथं तिकीट नाही आणि चपला बाहेर काढल्या की झालं. भाजीवाल्या, हमाल, टांगेवाले, सगळे खांबाला टेकून. मल्लिकार्जुन मन्सूर ज्यांच्याकडं शिकले त्यांचं गाणं भाजीची पाटी मांडीवर घेऊन ऐकायला मिळायचं.

पणज्यांना रागांची नावं यायची नाहीत. ते नाटकातल्या पदांवरून ओळखायचे. 'आज केशवरावांच्या त्या पदाचं गायले' असं. केशवराव भोसले इथलेच, पोरवयापासून रंगभूमीवर. त्यांची पदं गल्लीत सगळ्यांना पाठ. पद हातात धरून माणूस रागापर्यंत जायचा. गवयाची सम चुकली की पणजे घोड्याला चक् करायचे म्हणे. हे माझ्या आजोबांचं वाक्य आहे, त्यावर मी तारण देत नाही.

रंकाळ्यावरची

इतके प्रतिसाद झाले. आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा. एक आजी आली, ती शंकेखोरांची, आणि तिला अर्थ कळत नव्हता. दुसरी तमाशावरून भांडणारी.

माझी आजी शुक्रवार पेठेतली, दळण-कांडण करून चार मुलं वाढवली. अक्षर शून्य. रामविजय, हरिविजय, पांडवप्रताप तिघांमधला कुठलाही प्रसंग सांगा, पुढचं ती सांगायची. ४० अध्याय, ३६ अध्याय, ६४ अध्याय. मी सातवीत असताना तिला पोथी वाचून दाखवायचे आणि कंटाळून चार ओव्या गाळायचे. 'ए, मधलं कुठं खाल्लास? कर्णाची कवचकुंडलं काढून घेतली आणि इंद्राला काहीच बोलला नाही व्हय?' पकडायचीच. आणि नुसतं पकडून थांबायची नाही. म्हणायची, 'मी सांगतो तुला, कर्णाला ठाऊक होतं. मागणाऱ्याला न्हाई म्हटलं असतं तर उरलं काय असतं त्याच्याजवळ?' (बाहेरगावच्यांसाठी: आमच्याकडं बायका 'मी सांगतो', 'मी जातो'च म्हणतात. आजी बाईच होती.)

पोथीला आमच्या बोळात वाचणारा एक असायचा आणि अर्थ सांगणारा दुसरा. वाचणाऱ्याला अक्षर पाहिजे. अर्थ सांगणाऱ्याला पाहिजेच असं नाही.

मंगळवारपेठी

हे शेवटचं वाक्य मला आधी माहीत नव्हतं. एक वाचणार, दुसरा अर्थ सांगणार. सगळीकडं असंच असायचं का?

ऊसवाला_शिरोळ

बस्तीत असंच. वाचणारा बहुतेक शाळकरी पोरगा, नजर चांगली म्हणून. अर्थ सांगायला म्हातारा.

डफ_तुणतुणं

आमच्यात लिहिणारा भाचा आणि सांगणारा आजा. सांगितलंच की वर.

बोरू_आणि_दौत

मोडी वाचतो मी. पेठकर, त्या शेवटच्या पानांचे फोटो सरळ वरून काढून पाठवा, सावली पडू देऊ नका. एक अंदाज आधीच देऊन ठेवतो. श्लोक नसणार. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत, त्यामुळं संस्कृत मोडीत लिहिलं तर लिहिणाऱ्यालाच पुन्हा वाचता यायचं नाही. तुमच्या आजोबांना हे माहीत असणार, म्हणूनच श्लोक बाळबोधीत आहेत. मोडीत लोक हिशेब लिहायचे. पाण्याची बिलं निघू नयेत म्हणजे झालं.

मंगळवारपेठी

पाठवले. दहा पानं आहेत.

बोरू_आणि_दौत

तीन पानं झाली. हिशेबच आहे, पण बघण्यासारखा. आधी आडवी रेघ ओढून घेऊन खाली अक्षरं लटकवली आहेत, हात सराईत आहे. पाच रकाने. तिथी, अध्याय, मग 'वाचणार' आणि 'अर्थ', आणि त्याच्या पुढं रॉकेल किंवा गोडेतेल कुणी आणलं ते. पोथी पांडवप्रताप असावी, कारण अध्यायाचा आकडा तिसऱ्या पानाच्या तळाला ६४ वर थांबतो आणि नारळ-साखरेचा खर्च लिहिलाय. आषाढात सुरू करून कार्तिकात संपवलेली दिसते. चातुर्मासच.

जशाच्या तशा तीन ओळी देतो:

'श्रावण शुद्ध ५. अध्याय ९. वाचणार मी. अर्थ दळणवाली. तेल तालीम.'

'श्रावण शुद्ध ७. अध्याय १०. वाचणार मी. अर्थ दळणवाली. तेल आमचे घर.'

'श्रावण शुद्ध ८. वाचन नाही. मिलला रात्रपाळी.'

'वाचणार'च्या रकान्यात नावं बदलतात, तुमचे आजोबा साधारण निम्म्या वेळा. 'अर्थ'च्या रकान्यात दोन-चार ठिकाणी 'बुवा' आहे. बाकी सगळीकडं दळणवाली.

रंकाळ्यावरची

दळणवाली??

पेठकर, बोळ कुठला तुमचा?

मंगळवारपेठी

शुक्रवार पेठ नव्हे हो, आमचा मंगळवारातलाच. तुमच्या आजी नसणार, अंतर बरंच आहे.

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण आत्याकडं जाऊन बसलो होतो. पानं तिच्यापुढं धरली. तिला मोडी येत नाही, पण 'दळणवाली' म्हटल्यावर लगेच म्हणाली, 'बोळाच्या तोंडाची म्हातारी की काय?' नाव आठवत नाही. नाव कधी माहीतच नव्हतं म्हणाली, सगळे दळणवालीच म्हणायचे. घरी जातं, लोकांचं दळून द्यायची. पिठाची चक्की आली तसं काम गेलं. मग कुठं गेली, कुणाकडं राहिली, काही ठाऊक नाही.

मी विचारलं, पोथीला अर्थ सांगायची ते आठवतं का? आत्या तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. म्हणाली, पोथीच्या वेळी आम्ही झोपलेलो असायचो. तिला एवढंच आठवतंय की म्हातारी पीठ मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायची, आणि मोजणं संपेपर्यंत पोरांना तोंड उघडू द्यायची नाही.

उरलेली सात पानं बोरू_आणि_दौत यांच्याकडं आहेत.